चन्नम्मा म्हातारी झाल्यावर

'अस्तु' मी आजवर तीनदा पाहिला. पहिल्यांदा कॉलेजात, हॉस्टेलच्या लॅपटॉपवर, कारण कुणीतरी म्हणालं होतं की मराठीत असा सिनेमा झालेला नाही. दुसऱ्यांदा मागच्या वर्षी, पुण्यात रात्री दोन वाजता, कारण माझी आजी मला ओळखेनाशी झाली होती. आणि तिसऱ्यांदा दिवाळीत, गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावी, आजीला शेजारी बसवून, मोबाईलवर. हा लेख त्या तीन वेळांमध्ये सिनेमाबद्दलचं माझं मत कसं बदलत गेलं त्याबद्दल आहे. सिनेमा तोच आहे. बदललं ते माझ्या घरात.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा २०१३ सालचा चित्रपट. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. त्यांना अल्झायमर्स झालाय. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून कामाला जाते, तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जाताना दिसतो आणि लहान मूल जावं तसे शास्त्री त्याच्यामागे निघून जातात. इकडे घरच्यांची शोधाशोध. तिकडे माहुताची बायको चन्नम्मा या अनोळखी म्हाताऱ्याला सांभाळते, तो तिला आई समजू लागतो. शास्त्रींची भूमिका मोहन आगाशे यांनी केलीय, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, संवादांसाठी सुमित्रा भावे यांना.

सिनेमा फार चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे म्हणणार आहे ते तो वाईट आहे म्हणून नाही. इतक्या चांगल्या सिनेमातही जे दिसत नाही, ते मग कुठेच दिसत नाही, म्हणून म्हणतोय.

*

आपल्याकडच्या पडद्यावर कोणाकोणाची स्मृती गेली ते एकदा मोजून पाहा. 'अस्तु'मध्ये संस्कृतचे पंडित. 'मैंने गांधी को नहीं मारा' (२००५) मध्ये हिंदीचे निवृत्त प्राध्यापक. 'ब्लॅक' (२००५) मध्ये शिक्षक. 'थ्री ऑफ अस' (२०२२) मध्ये अविनाश अरुणने ही रांग थोडी मोडली. तिथे शैलजा कोर्टात नोकरी करणारी बाई आहे, म्हातारीही नाही. पण तीही मुंबईची, शिकलेली, पगारदार.

असं का होत असेल, हे समजणं अवघड नाही. नाटक उभं करायचं तर पडझड उंचावरून व्हावी लागते. ज्याच्या जिभेवर अख्खं व्याकरण होतं त्याला स्वतःचं नाव आठवू नये, यात आपोआप शोकांतिका आहे. ज्ञान जितकं मोठं, तितकं त्याचं जाणं मोठं. मी स्वतः पहिल्यांदा पाहताना शास्त्रींसाठीच रडलो होतो. चन्नम्मा मला 'साधीभोळी, प्रेमळ' वाटली होती. म्हणजे सिनेमाला जे दाखवायचं होतं ते मला दिसलं होतं.

पण प्रत्यक्षात हा आजार कुणाकडे जास्त जातो? भारतातल्या ज्येष्ठांचा जो मोठा राष्ट्रीय अभ्यास चालू आहे, त्याच्या स्मृतिभ्रंशाविषयीच्या भागाचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यात पुरुषांपेक्षा बायकांचं प्रमाण जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त, आणि शाळेत न गेलेल्यांत शिकलेल्यांपेक्षा जास्त. ही तीन विशेषणं एकत्र केली की जी व्यक्ती उभी राहते ती शास्त्रीबुवा नाहीत. ती चन्नम्मा आहे, अजून तीस वर्षांनी.

आपल्या सिनेमाने आजार पंडिताला दिला आणि सेवा अडाणी बाईला दिली. ती बाई म्हातारी झाल्यावर काय होतं, हा सिनेमा कुणी काढलेला नाही. आमच्या घरात तो चालू होता.

*

आजी कधी शाळेत गेली नाही. तिचं आयुष्य बांधीत गेलं. रोवणी, निंदण, कापणी, चुरणी, आणि उन्हाळ्यात तेंदूपत्ता. रिकाम्या वेळी बिड्या वळायच्या. तिला अक्षरं येत नव्हती, पण शिजणाऱ्या भाताच्या वासावरून ती सांगायची की हा चिन्नोर आहे की लुचई. दुकानदाराने चिन्नोरमध्ये दुसरा तांदूळ मिसळला असेल तर पिशवी उघडल्या उघडल्या तिला कळायचं.

आजी काटकुळी. त्यामुळे तिला 'साखर' असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे साखर म्हणजे शहरातल्या, पोट सुटलेल्या, खुर्चीत बसणाऱ्या माणसांचा आजार. मोतीबिंदूच्या शिबिरात रक्त तपासलं तेव्हा कळलं. हा गैरसमज फक्त आमच्या गावाचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक गमतीशीर फोटो छापला होता, त्यांचा स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश डॉक्टर मित्राचा. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, असं आपल्याकडचं शरीर. हाडं वर आलेल्या बाईलाही मधुमेह असू शकतो, हे त्या एका फोटोने जगाला दाखवलं. आमच्या गावापर्यंत तो फोटो आला नाही.

मग मी आलो. पहिल्या पगारवाढीनंतर मी ग्लुकोमीटर घेतलं, आईला सुई टोचायला शिकवलं आणि एक शीट बनवलं. सकाळी उपाशीपोटी एक आकडा, जेवणानंतर दोन तासांनी दुसरा. आई मोबाईलवर भरायची, मी पुण्यातून बघायचो. १८० च्या वर गेलं की खाना लाल. खाली असेल तर हिरवा. मला त्या शीटचा फार अभिमान होता. ऑफिसात दोघातिघांना दाखवलंही.

लाल खाने जास्त होते, कारण आजी दोन्ही वेळा भात खायची. धानाच्या जिल्ह्यात माणूस दुसरं काय खाणार? मी आईला सांगितलं, रात्रीचा भात बंद. एक पोळी आणि भाजी पुरे. आजी म्हणाली, "भात नाई त जेवन कायचा, बाबू?" मी हसलो. पोळी तिला आवडायची नाही. अर्धी खाऊन ती ताट बाजूला सारायची. गोळ्या मात्र वेळेवर दिल्या जात होत्या, कारण त्याचीही मी आठवण लावून ठेवली होती.

महिन्याभरात शीट हिरवं झालं. आणि त्याच महिन्यात आजी पहाटे उठून, घामाने भिजलेली, दाराशी उभी राहून विचारू लागली की हे कुणाचं घर आहे.

*

घरात दोन निदानं झाली. शेजारच्यांनी 'साठी बुद्धी नाठी' म्हटलं. मी इंटरनेटवर वाचून 'अल्झायमर्स' म्हटलं. माझं निदान जास्त आधुनिक होतं, एवढाच फरक. दोन्हींचा परिणाम एकच: आता काही करायचं राहिलं नाही.

त्या म्हणीबद्दल इथे थोडं बोलायला हवं. भाषा आजाराला जे नाव देते त्यावरून आपण कुठे शोधायचं हे ठरतं. 'साठी बुद्धी नाठी' हे यमक इतकं घट्ट बसलंय की कारण शोधायची गरजच वाटत नाही. साठ झाली, बुद्धी गेली, जसं आंबा पिकला आणि पडला. 'म्हातारचळ'मध्ये तर थोडी थट्टाही आहे. आणि आपण ज्याला शास्त्रीय शब्द मानतो तो 'स्मृतिभ्रंश' गीतेत येतो तेव्हा तो क्रोधापासून सुरू होणाऱ्या साखळीतली एक कडी असतो. म्हणजे मनाचा दोष. तिन्ही शब्दांत शरीर कुठेच नाही. आमच्या भाषेत बुद्धी डोक्यात राहते, पण त्या डोक्याला पोट नसतं.

सिनेमांनीही हीच वाट धरली. 'मैंने गांधी को नहीं मारा'मध्ये प्राध्यापकांच्या भ्रमाचं मूळ लहानपणच्या अपराधभावात सापडतं. 'अस्तु'मध्ये विस्मरण हे हळूहळू तत्त्वचिंतन होतं: 'मी' कोण, आठवण गेल्यावर उरतो तो कोण. प्रश्न सुंदर आहेत. पण मागच्या वर्षी रात्री दोन वाजता सिनेमा बघताना मला त्या सौंदर्याने फसवलं. मला वाटलं, आजी आता अशाच कुठल्यातरी अनादि अवस्थेत चाललीय. मी तिच्या जाण्यावर मनातल्या मनात एक हळवा लेखसुद्धा लिहायला घेतला.

तिची साखर ४८ होती.

एका पहाटे आजी अशीच बडबडत असताना आईला काय वाटलं कुणास ठाऊक, तिने तेव्हाच सुई टोचली. ४८. माझ्या शीटमध्ये पहाटेचा रकाना नव्हता. आणि समजा असता, तरी ४८ हा आकडा हिरवाच दिसला असता, कारण मी फक्त वरची मर्यादा लिहिली होती. खालची लिहायला विसरलो होतो. कुठल्याही ज्युनिअरने असा कोड पाठवला असता तर मी परत पाठवला असता.

*

आता थोडं शास्त्र, कारण याशिवाय पुढचं बोलता येत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण तो खातो शरीराच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा. त्याचं मुख्य इंधन ग्लुकोज. आणि तो ते फारसं साठवून ठेवू शकत नाही, त्यामुळे पुरवठा घसरला की लगेच गोंधळतो. मधुमेहाच्या काही गोळ्या, आजीला चालू होती तशी ग्लिमेपिराइड, पोटात अन्न असो नसो, इन्सुलिन बाहेर काढतातच. मी अन्न काढून घेतलं होतं आणि गोळी ठेवली होती. घाम, बरळणं, घर न ओळखणं हे म्हातारचळ नव्हतं आणि तत्त्वचिंतनही नव्हतं. तिचा मेंदू उपाशी होता. २००९ मध्ये अमेरिकेत मधुमेही वृद्धांवरचा एक मोठा अभ्यास आला. ज्यांना दवाखान्यात न्यावं लागण्याइतकी साखर कमी होण्याचे प्रसंग आले होते, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त आढळलं.

उलट बाजूही खरी आहे. वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि चढलेला रक्तदाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत जातात. मधुमेह असलेल्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांत दिसलंय. 'लॅन्सेट'च्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोग्या १४ कारणांची यादी दिली. त्यात मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, हालचालीचा अभाव आहे, तसंच कमी शिक्षण, बहिरेपण, अधू दृष्टी आणि एकटेपणसुद्धा. ही सगळी कारणं हटवता आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज. 'साठी बुद्धी नाठी' या म्हणीला इतकं सविस्तर उत्तर कुणी दिलं नसेल.

पण म्हणून आकडा दाबला की बुद्धी वाचली, असं सोपं गणितही नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहींची साखर खूप कडकपणे खाली ठेवून पाहिली. २०११ मध्ये त्यातल्या मेंदूविषयक भागाचे निष्कर्ष आले तेव्हा विचारशक्तीत काही फायदा दिसला नाही. कडक उपचाराचा तो भाग तर २००८ मध्येच थांबवावा लागला होता, कारण त्या गटात मृत्यू जास्त झाले. रक्तदाबाचं चित्र थोडं बरं: २०१९ च्या एका चाचणीत तो चांगला आटोक्यात ठेवल्यावर सौम्य विस्मरणाचं प्रमाण घटलं. आणि फिनलंडमध्ये १,२६० ज्येष्ठांना दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेची देखरेख असं सगळं एकत्र दिल्यावर फरक दिसला. एकेका आकड्याच्या मागे लागण्यापेक्षा माणसाच्या दिवसाकडे बघणं उपयोगी पडलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. हे मला माझ्या शीटने शिकवलं नाही.

*

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली, दुसरी ठेवली, आणि रात्री थोडा भात खाऊ द्या म्हणाले. (हे वाचून कुणी आपल्या घरची गोळी स्वतःच बंद करू नका. मी स्वतःच ठरवायला गेलो, त्याचं काय झालं ते वर लिहिलंय.) दोन-तीन आठवड्यांत पहाटेचे प्रकार थांबले. मला वाटलं, सुटलो.

नाही सुटलो. धुकं गेल्यावर खाली जे होतं ते दिसायला लागलं. आजी मला बाबांच्या नावाने हाक मारते. पैसे कुठे ठेवले ते विसरते आणि आईवर संशय घेते. आणि एके दिवशी आईने चिन्नोर शिजवला तर आजीने काहीच म्हटलं नाही. विचारलं तर म्हणाली, कंट्रोलचा असेल.

एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तिची स्मृतीची चाचणी झाली. १९७५ पासून जगभर वापरली जाणारी तीस गुणांची चाचणी. आज तारीख काय? शंभरातून सात वजा करत जा. एक वाक्य लिहा. अंगठा लावणाऱ्या बाईला एक वाक्य लिहा. खरं तर निरक्षर माणसांसाठी या चाचणीची हिंदी आवृत्ती नव्वदच्या दशकातच हरियाणात बल्लभगढला तयार झाली होती, पण ती त्या टेबलावर नव्हती. आजीचे गुण आजाराने गेले किती आणि शाळेने गेले किती, हे त्या कागदावरून सांगता येणार नाही. आणि तिला जे येत होतं, तांदळाचा वास, बिडीची घडी, कुठल्या बोडीत कधी मासे, ते विचारणारा रकाना तिथेही नव्हता. वास कमी होणं हे या आजाराचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं. म्हणजे आजीच्या ज्ञानाचा पहिला तुकडा गळून पडला, तो नेमका आमच्यापैकी कुणीच न मोजलेला.

इथे मला 'अस्तु'वरची माझी तक्रार नीट मांडता येते. शास्त्रींचं काय हरवलं हे आपल्याला लगेच कळतं, कारण संस्कृत ही मोजलेली, मान मिळालेली संपत्ती आहे. चन्नम्माचं काय हरवेल? तिच्याकडे तिची भाषा आहे, हत्तीचा स्वभाव माहीत आहे, परक्या म्हाताऱ्याला कसं जवळ घ्यायचं हे माहीत आहे. सिनेमा या सगळ्याला 'माया' म्हणतो. त्याला 'ज्ञान' म्हटलं असतं, तर ते गेल्यावरही आपल्याला रडू आलं असतं. आमच्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर झाडीपट्टीची नाटकं चालतात. मी पाहिलेल्या नाटकांत म्हातारी हटकून असते. तिला मुलगा-सून छळतात आणि लोक हुंदके देतात. तिथेही म्हातारीचं दुःख म्हणजे दुसऱ्यांचं वागणं. तिचं स्वतःचं डोकं, त्यात काय होतं आणि काय चाललंय, हा विषयच नाही.

मला आता शास्त्रीबुवांचा सिनेमा कमी नकोय. त्याच्या बाजूला दुसरा हवाय. ज्यात गोळ्यांचा डबा असेल, रेशनचा तांदूळ असेल, सिकलसेलच्या पट्ट्यात एचबीएवनसीच्या रिपोर्टवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही हे माहीत असलेला एखादा डॉक्टर असेल, दुसऱ्या शहरात बसून आकडे बघणारा शहाणा नातू असेल. आणि मध्यभागी एक बाई, जिला खूप काही येत होतं.

*

दिवाळीत आजीला 'अस्तु' दाखवला तो काही प्रयोग म्हणून नाही. मी बघत होतो, ती शेजारी येऊन बसली. हत्ती आल्यावर ती मोबाईलवर वाकली. कथा तिला किती कळत होती, सांगता येत नाही. शास्त्री हत्तीमागे निघाले, इरा घाबरली, फोन सुरू झाले. आजी शांत होती. बऱ्याच वेळाने तिने शास्त्रींकडे बोट दाखवून विचारलं,

"याले जेवाले भेटला का?"

मी म्हटलं, हो आजी, ती बाई देते त्याला जेवायला.

"मंग बरा," ती म्हणाली आणि पुन्हा हत्तीकडे बघू लागली.

मी तीनदा सिनेमा पाहिला, त्यावर इतकं वाचलं, इतकं लिहिलं, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. सिनेमाबद्दल नाही, आणि जेव्हा पडायला हवा होता त्या महिन्यात आजीबद्दलही नाही. आत आईने भात लावला होता. मी मोबाईल आजीच्या हातात दिला आणि ताटं घ्यायला उठलो.